लिफ्टशेजारची संगणक-वार्ता

३ मार्च, सकाळ
निवृत्त होऊन दोन महिने झाले. आजपासून लोळणं बंद. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यामुळे तंत्रज्ञान रक्तातच आहे. (माझा विभाग तक्रारींचा होता. पण तक्रारी ऐकून ऐकूनच माणूस यंत्र शिकतो.) इमारतीत पाहतो तर सगळा अंधार. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य फोन बंद करून चालू करतात आणि त्यालाच दुरुस्ती म्हणतात. तळमजल्यावर लिफ्टशेजारचा फळा वर्षभर रिकामा आहे. ठरवलं, त्यावर रोज संगणकविश्वातल्या ताज्या बातम्या लिहायच्या. सामान्य माणसाला कळतील अशा.

सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, लिहा, फक्त भिंतीला खडू लावू नका. मोठ्या कामांना परवानग्या अशाच मिळतात.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी घरातला प्रिंटर चालू करा. तो विषय वेगळा आहे.

४ मार्च
पहिला अंक. वर ‘संगणक-वार्ता’, खाली तीन बातम्या. पांढरा खडू मजकुराला, लाल महत्त्वाला. सगळंच महत्त्वाचं निघाल्यामुळे लाल खडू आजच संपला.

वाचक पाच. हिचं म्हणणं, ते लिफ्टची वाट बघत होते. पण वाट बघताना जिन्याकडेही बघता येतं. पाचही जण फळ्याकडे बघत होते.

६ मार्च
आजची मुख्य बातमी: फोन लगेच अपडेट करा, जुन्या व्हर्जनमध्ये धोका.

संध्याकाळी लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्यामुळे तिला वाटतं तिला समजतं. तिने विचारलं, बाबा, तुम्ही स्वतः केलंत का अपडेट? म्हटलं, न्हावी स्वतःचे केस स्वतः कापत नाही. म्हणाली, म्हणजे नाही केलंत. मी हवापाण्याची चौकशी केली. मुलगी हुशार आहे, पण बातमीची दृष्टी नाही.

८ मार्च
‘फोन थंड ठेवा, बॅटरी जास्त टिकेल’ असं लिहिलं होतं. दंतवैद्यांनी फोन फ्रिजमध्ये ठेवला. वरच्या कप्प्यात, बर्फाशेजारी. आता तो सुरू होत नाही आणि ते माझ्याकडे बघतात. थंड ठेवा म्हणजे उन्हात टाकू नका, इतका साधा अर्थ. लोकांना वाचता येत नसेल तर लेखक काय करणार? तरी मनाचा मोठेपणा म्हणून सांगितलं, बंद करून चालू करून बघा. ते फोन खिशात घालून जिन्याने वर गेले.

१० मार्च
आज इतिहास. बातमी अशी: मोठमोठ्या कंपन्या पासवर्ड हळूहळू मागे टाकणार आहेत. पुढे बोट टेकवलं किंवा चेहरा दाखवला की काम होणार. मूळ बातमी पानभर होती. ‘हळूहळू’, ‘पुढे’, ‘काही ठिकाणी’ असले शब्द फळ्यावर मावेनात. संपादन म्हणजे शेवटी काटछाटच. अंतिम मजकूर असा झाला:

पासवर्ड बंद. आता फक्त बोट.

खाली जागा उरली म्हणून सुरक्षिततेची एक सूचना: सगळीकडून लॉग-आउट व्हा.

लिफ्टपाशी गर्दी जमली. दोघांनी फोटो काढला. निवृत्तीनंतर इतकं समाधान वाटलं नव्हतं.

११ मार्च
तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर आल्या. मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डच्या प्रमुख होत्या. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते, आणि त्या बोलायला लागल्या की आपोआप जीभ बाहेर काढून दाखवावीशी वाटते. माझ्या वाचकांत सूचना तंतोतंत पाळणाऱ्या त्या एकट्याच. फळा वाचून त्या वर गेल्या, टॅबवरून लॉग-आउट झाल्या, कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला पासवर्डचा कागद काढला, फाडला आणि कचऱ्यात टाकला. मग टॅबवर बोट टेकवलं. टॅबने पासवर्ड मागितला.

म्हणाल्या, वेगळं बोट टेकवायचं का? दहाही बोटं लावून झाली आहेत.

मी म्हटलं, किरकोळ गोष्ट आहे. मग त्यांनी सांगितलं की त्यांची मुलगी परदेशात असते, पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेत. मुलगी टॅबवरच दिसते. तिचे लहानपणापासूनचे सगळे फोटोही त्यातच आहेत.

ही मध्येच म्हणाली, मुलीला माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करायला सांगा की. सिस्टर म्हणाल्या, तेही करीन, पण फोटोंचं काय? आणि मी तिला टॅब समोर उभा करून ठेवते म्हणून कबूल केलंय. मीही हिला सांगितलं, मलमपट्टी नको, मुळावर घाव घालू. ही म्हणाली, मुळावरच घातलाय तुम्ही. हिला बातमीदारीतले धोके समजत नाहीत.

उद्या अर्ध्या तासात उघडून देतो असं सांगितलंय.

१२ मार्च
सिस्टरांच्या घरी. चहा उत्तम. टॅबने सुरक्षा-प्रश्न विचारला: लहानपणी पाळलेल्या प्राण्याचं नाव काय? मी म्हटलं, बघा, इतकं सोपं आहे. सिस्टरांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, खरं उत्तर मशीनला कशाला सांगायचं? मी खोटं लिहिलं होतं.

विचारलं, काय खोटं? म्हणाल्या, ते आठवत नाही. खोटं मी एकदाच बोलले होते, सवय नाही.

मग अंदाज सुरू. मोती, राजा, वाघ्या. मग मांजरांची नावं. ही तिथे विणत बसली होती. म्हणाली, मुळात प्राणी होता का? सिस्टर म्हणाल्या, नव्हताच, वडिलांना शिंक यायची. पाच चुका झाल्या आणि टॅब म्हणाला, उद्या या. सरकारी खात्यात पंचवीस वर्षं मी हेच वाक्य लोकांना सांगितलं. यंत्राच्या तोंडून ऐकायला जरा वेगळं वाटतं.

एकूण प्रगती चांगली आहे. चुकीची उत्तरं बाद होत चालली आहेत.

१३ मार्च
नवा मार्ग सापडला. नोंदवलेल्या फोन नंबरवर कोड येतो. तो नंबर कोणाचा ते बघितलं, तर मुलांच्या वॉर्डचा. टॅब घेताना सिस्टर नोकरीत होत्या आणि दिवसभर तिथेच सापडत, म्हणून तोच दिला. लँडलाइन असल्यामुळे मशीनच फोन करून आकडे बोलून दाखवणार. कोड दहा मिनिटं चालतो.

मी म्हटलं, टेलिफोन हा माझा प्रांत आहे, मी बोलतो. वॉर्डात ड्यूटीवरच्या नर्सबाईंनी फोन घेतला. मागे एक मूल भोकाड पसरून रडत होतं. अशा वेळी थेट आकडे मागणं बरं दिसत नाही, समोरच्याला पार्श्वभूमी द्यावी लागते. म्हणून दुहेरी सुरक्षा म्हणजे काय, ती का आली, आमच्या खात्यात पूर्वी ओळख कशी पटवत, हे थोडक्यात सांगितलं. त्या तीनदा म्हणाल्या, हो, पण तुमचं मूल कुठल्या खाटेवर आहे? चौथ्यांदा मी मुद्द्यावर येत होतो तोवर दहा मिनिटं संपली.

शिवाय मी लाइन अडवून धरल्यामुळे मशीनचा फोन लागलाच नव्हता, असं सिस्टर म्हणाल्या. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

दुसऱ्यांदा मशीनचा फोन लागला. नर्सबाईंनी उचलला, पलीकडे कोणीतरी इंग्रजीत आकडे म्हणतंय हे ऐकून ठेवून दिला. टॅब म्हणाला, आता रविवारी प्रयत्न करा.

सिस्टरांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

१४ मार्च
फळा थांबता कामा नये. दंतवैद्यांकडून एक उपयुक्त माहिती कळली. त्यांचा एक पेशंट अक्कलदाढ काढून बाहेर आला, गाल सुजलेला, फोनने चेहरा ओळखायला नकार दिला. बिचाऱ्याला घरी फोन करता येईना. दंतवैद्य सहज बोलले होते, पण बातमी ती बातमी. आजचा अंक:

सावधान. दाढ काढल्यास माणूस ओळखू येत नाही.

दुपारी दंतवैद्य तणतणत खाली आले. म्हणाले, सकाळपासून दोन पेशंट लिफ्टपाशी येऊन परत गेले, एक तर दारातून माझी मदतनीस हाका मारत असताना पळाला. मी शांतपणे समजावलं, फोनला ओळखू येत नाही असं म्हणायचं होतं, ‘फोनला’ मावलं नाही. ते म्हणाले, तुमचं काय काय मावत नाही त्याची एकदा यादी करा. त्यांचा स्वभाव मुळात तापट आहे, दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून होत असावा.

१५ मार्च, संध्याकाळ
सिस्टरांना नात झाली. मुलीचा साधा फोन आला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप. सिस्टर स्वतः मजल्यामजल्यावर सांगत खाली आल्या. आमच्या दारात आल्या तेव्हा नेहमीसारख्या ताठ नव्हत्या. हिचा हात धरून म्हणाल्या, आयुष्यभर दुसऱ्यांची बाळं हातात घेतली गं, आता नातीला कधी बघीन असं झालंय. हिने पुन्हा स्वतःचा फोन पुढे केला. त्या म्हणाल्या, आज दोघी झोपल्यात, झोपू देत. उद्या सकाळी करते म्हणालीय. मग माझ्याकडे बघून विचारलं, उद्या उघडेल ना?

म्हटलं, शंभर टक्के.

नंतर जेवताना ही म्हणाली, अहो, उद्या तुम्ही जरा कमी बोला. आमटी जरा सांडली. पण ती घाईने जेवल्यामुळे.

१६ मार्च, रविवार
सकाळी नऊला सिस्टरांच्या घरी हजर. मी, ही, सेक्रेटरी, आणि दंतवैद्यसुद्धा, बोलत नव्हते तरी आले होते. बाहेरच्या खोलीत चपलाच चपला. मी संपूर्ण योजना कागदावर काढून नेली होती, तीन टप्प्यांत. सिस्टरांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, तुमच्यावर सगळ्यांत जबाबदारीचं काम आहे. दाराबाहेर उभं राहायचं आणि कोणाला आत सोडायचं नाही. इन्फेक्शन? मी विचारलं. म्हणाल्या, गर्दी.

उभा राहिलो. असल्या कामाला विश्वासू माणूस लागतो.

दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. सिस्टरांनी वॉर्डात फोन लावला. म्हणाल्या, मी बोलतेय. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज इथपर्यंत आला असेल असं वाटलं. मग म्हणाल्या, मी ठेवते, लगेच पुन्हा वाजेल, उचल. मशीन इंग्रजीत आकडे सांगेल, ते लिही आणि मला फोन कर. मध्ये कोणी रडलं तर रडू दे.

एवढंच. पार्श्वभूमी शून्य. थोड्या वेळात फोन वाजला, सिस्टरांनी आकडे मोठ्याने म्हटले, हिने टॅबवर ते दाबले. मग एक बारीकसा टिंग झाला आणि आत सगळे एकदम बोलायला लागले.

मी जागा सोडली नाही. पाचव्या मजल्यावरचं कुटुंब आलं, त्यांना अडवलं. ते मला बाजूला करून आत गेले. मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. शेवटी अडवायला कोणी उरलं नाही तेव्हा मीही आत गेलो. दंतवैद्यांच्या खांद्यावरून बाळ बघितलं. म्हणजे टोपी बघितली, गुलाबी, आणि मुठीचं एक टोक. सिस्टर टॅबला हात न लावता समोर बसल्या होत्या. मुलीला म्हणत होत्या, डोकं नीट धर, खालून आधार दे, हं, अस्सं. आवाज वॉर्डातलाच होता, पण डोळे पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. हिने पदराने पुसले.

माझ्या देखरेखीखाली काम फत्ते झालं. दंतवैद्य निघताना म्हणाले, दार छान सांभाळलंत. बोलायला तरी लागले.

१७ मार्च
संपूर्ण प्रकरणाचा शास्त्रोक्त आढावा फळ्यावर मांडायचं ठरवलं होतं. खडू मिळाला नाही. डबाच जागेवर नव्हता. ही म्हणाली, सेक्रेटरी घेऊन गेले. बहुधा नवे रंग आणायला.

१८ मार्च
समितीची सभा. विषय एकच, फळा. माझ्या कामाची इतकी दखल घेतली जाईल असं वाटलं नव्हतं. दंतवैद्य सात-आठ मिनिटं बोलले, मुख्यतः दाढेवर. एकाने फळा काढून तिथे आरसा लावावा असं सुचवलं. तेव्हा सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, फळा राहील आणि हेच लिहितील. रोज सकाळी सातला उठून विनामोबदला काहीतरी करणारा माणूस या इमारतीत दुसरा कोण आहे? कोणी हात वर केला नाही. मला भरून आलं.

पुढे म्हणाल्या, मजकूर मी देईन.

एकमताने मंजूर. म्हणजे मजकुराची दगदग आता माझ्यावर नाही, मी पूर्ण वेळ लेखनाला देऊ शकतो. मोठ्या वृत्तपत्रांत अशीच रचना असते.

१९ मार्च
सातला सिस्टर खाली आल्या. मी खडू घेऊन तयार. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. एका ठिकाणी मी ‘तंत्रज्ञानाच्या युगात’ असं जोडलं. त्यांनी बोटाने पुसलं.

अंतिम मजकूर: उद्या टाकी धुणार. आज बादल्या भरून ठेवा.

दिवसभर लिफ्टपाशी उभा राहून पाहिलं. अख्ख्या इमारतीने वाचलं. पेपर टाकणारा थांबून वाचून गेला. दंतवैद्यांनी नव्या फोनने फोटो काढला. कोणी प्रश्न विचारला नाही, कोणाचं काही बंद पडलं नाही. संध्याकाळी प्रत्येक घरातून बादल्या भरल्याचा आवाज येत होता.

रात्री ही बादली ठेवता ठेवता म्हणाली, आज पहिल्यांदा तुमच्या फळ्यावरचं सगळं समजलं.