वाफ्याचा निचरा आणि अस्तराचं कापड

बाबा,

सकाळी मोजले. टाकीत एकोणीस मासे आहेत आणि एकोणीसही पोहताहेत. टाकीचं पाणी पंपाने ज्यात चढतं त्या खडीच्या वाफ्यात अकरा रोपं, त्यातल्या दोन रोपांनी माना टाकल्यात. गच्चीच्या फरशीवरून एक बादली पाणी पुसून काढलं.

काल मी तुमच्यावर उगाच तोंडसुख घेतलं. "शिंप्याला दिसेल त्या भोकाला अस्तर लावायची खोड" असं म्हणायला नको होतं. खडी जाऊ नये म्हणून तुम्ही निचऱ्याच्या नळीला कापड शिवलंत आणि ते माशांच्या घाणीने भरलं, हे खरं. पण कापड काढूनही पाणी उतरेना. चूक माझ्या हिशेबाची होती. पंप जेवढं पाणी वर चढवतो, तेवढं परत खाली टाकीत सोडण्याइतकी नळी रुंदच नव्हती. वाफा तुंबला, टाकी आटली. तुम्ही धावत जाऊन पंप बंद केला नसतात, तर मासे गेलेच होते.

आज दुप्पट रुंद नळी बसवली. खडी अडवायला तिच्याभोवती भोकं पाडलेला मोठा पाइप उभा केलाय. त्याला कृपा करून अंगरखा शिवू नका.

"आता गच्चीत पाऊल ठेवणार नाही" हे मागे घ्या. मासे तुमच्याच हातचं खातात. काल तुम्ही उपाशी झोपलात. डबा ओट्यावर आहे, आधी तो संपवा. मी प्रयोगशाळेतून सहाला येते.

तुमची मोजपट्टी

ता. क. तीनदा घड्याळ लावून पाहिलं. नळीला बूच लावून वाफा भरायला बारा मिनिटं लागतात, बूच काढल्यावर रिकामा व्हायला साडेचार.