पाटीवरची अक्षरं

जळगाव,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोहिनीअक्का,
सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी सुरू झालीय, जप.

आईच्या वर्षश्राद्धासाठी तू पेनड्राइव्हमध्ये दिलेले फोटो छापून झाले. एक हजार नऊशे बेचाळीस. यांनी स्टुडिओ बंद केल्यावर मोठा प्रिंटर घरी आणला होता, तो पहिल्यांदाच मी एकटीने चालवला. तीन आठवडे लागले. निळी शाई दोनदा संपली. जुन्या फोटोंत आईचा चेहरा सारखा लालसर येत होता, तो जमेपर्यंत पुष्कळ कागद वाया गेला. शिंदखेड्याच्या शेतात कापूस वेचतानाचा फोटो मात्र सुरेख आलाय.

हार घालायला मोठा फोटो हवा, असं तू म्हणालीस. मी गेल्या वर्षीच्या दिवाळीतला निवडला, तुझ्या भाविकाने काढलेला. आई पलंगावर बसून हसतेय, मांडीवर पाटी. मोबाइलवर पाटी नुसती काळी दिसायची. बारा बाय अठराच्या कागदावर छापला, तेव्हा तिच्यावरची अक्षरं दिसली.

'ज्योत्स्नाले बलाव.'

बोलायची तसंच, अहिराणीत लिहिलेलं.

त्याआधी दसऱ्याला तू फोनवर म्हणाली होतीस, "तिला काही कळत नाही गं. कुणाला ओळखत नाही. येऊन नुसती रडशील." वाचा गेली तेव्हा दवाखान्यात मी तिला पाहिलं होतं, म्हणून मला खरं वाटलं. दिवाळीनंतर महिनाभरात ती गेली.

मी भाविकाला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आजी रोज लिहायची. आई पुसून टाकायची."

का, अक्का? तिची अंघोळ, औषधं, अंथरूण सगळं तू केलंस आणि तिने नाव माझं लिहिलं, हे तुला झोंबलं का? झोंबलं असेल. तेवढं मला समजतं. त्यापुढचं नाही समजत.

एक कबूल करते. तू येऊ नको म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. तिला तसं बघायची भीती वाटायची. तुमचं धुळं एसटीने दोन-अडीच तासांवर, न विचारताही येता आलं असतं. तो दोष माझाच. पण ती वाट बघतेय हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

हे म्हणाले, "पाटी कापून नुसता चेहरा छाप. श्राद्धात वाद नको." तसाही छापून पाहिला, आणि फाडला. पूर्ण फोटो पाठवतेय. लावायचा की नाही, तू ठरव.

श्राद्धाला मी येईन. स्वयंपाकाला हात लावीन, पाहुण्यांना वाढीन. तुझ्याशी बोलणं होणार नाही. कुणी विचारलंच तर घसा बसलाय म्हणेन.

आईची,
ज्योत्स्ना