मास्क तिचा तिनंच धरायचा

आई, एकही खिळा न मारता केलेला शिसवी पाळणा, स्वयंपाकघरातली सगळी कपाटं, ज्यांची दारं अजून केसभर उतरलेली नाहीत, आणि इस्पितळातल्या गॅसच्या यंत्राचा चाकांचा स्टँड, जो वळताना कुरकुरत नाही. एवढं मी इथे न्यू जर्सीत स्वतःच्या हातांनी केलं. इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करतो. डिप्लोमा नाही, पुस्तकं वाचून आणि यंत्रं उघडून शिकलो, हे तुला माहीतच आहे. कळा सोसणाऱ्या बाईला वेदना बोथट व्हाव्यात म्हणून ऑक्सिजनमध्ये मिसळून गुंगीचा गॅस हुंगायला द्यायचा, हे नर्स म्हणून तुझं रोजचं काम होतं. या देशात तो फार थोड्या ठिकाणी देतात, आमच्याकडे देतात.

इकडे येण्याआधीचं अजून डोळ्यांसमोर आहे: तुझ्या नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात मी एकदा गॅसच्या यंत्राची झडप दुरुस्त करायला आलोय. पडद्यापलीकडे एक आई लेकीच्या तोंडावर मास्क दाबून धरते, आणि तू तिचा हात बाजूला करतेस. "माया आली तर पाठ चोळा. मास्क तिचा तिनंच धरायचा. गुंगी आली की हात पडतो, मास्क पडतो, साधी हवा आत जाते." ती घाबरून विचारते, "सिस्टर, बाळाला बाधेल का हो?" तू म्हणतेस, "बाळ रडलं की चार श्वासांत गॅस उडून जातो. पण उगाच जास्त दिलात तर आईच श्वास घ्यायला विसरेल, मग बाळाला कुठून मिळणार?"

२००४ साली माझी बायको चाळिशीत बाळंत होत होती. नागपूरहून आलेल्या सासूबाई मराठीत बोलत होत्या, त्यामुळे नर्सला काही कळत नव्हतं. "जावईबापू, हात भरून आलाय तिचा. जरा धरा की." बायकोही मास्कमधून म्हणाली, "धर ना रे." माझा हात उचलला गेला होता, आई. इतक्या वर्षांनी होणारं मूल, आणि ती असं मागतेय. मी तो हात तिच्या पाठीवर ठेवला. "पाठ काय चोळतोस, मी गाय आहे का?" म्हणाली, आणि तिची बोटं सुटली. मास्क उशीवर पडला. तिनं साधा श्वास घेतला, डोळे उघडले, पुन्हा स्वतःच मास्क उचलला.

मुलगी झाली. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग ती अशी रडली की सासूबाई तुझी आठवण काढून म्हणाल्या, "सिस्टरबाईंचाच आवाज." गॅस न घेतलेल्या बायकांची मुलंही अशीच रडतात, तुझ्या नियमामुळेच ती रडली असा दावा मी उगाच करत नाही. पण तो आवाज येईपर्यंत मी तुझ्याच भरवशावर उभा होतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. एक गोष्ट बायकोला अजून सांगितलेली नाही, तुला सांगतो. मास्क बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस गेल्या महिन्यात माझं काम बघून गेला. डोक्यामागून बांधायचा पट्टा करून दे म्हणाला, म्हणजे बाईला मास्क धरायलाच नको. मी नाही म्हटलं. चाळीस हजार डॉलर देत होता.