लातूरहून आलेले शब्द

निलंगा, मे १९८३

प्रिय अहो,

'जो आपल्याशी इंग्रजीत बोलायलाय, त्याच्या पोटात काय तरी हाय, सुनबाई,' असं अप्पा बहात्तरच्या दुष्काळात म्हणाले होते. तुमच्या वडिलांचा स्वभावच संशयी, म्हणून मी हसले होते. पण खडी फोडायच्या कामावर आलेला साहेब आम्हा बायकांकडे बघून 'सरप्लस' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या निम्म्या बायका घरी बसल्या. तेव्हापासून नवा इंग्रजी शब्द कानावर आला की तो आला कुठून, हे मी आधी बघते.

तुमचे शब्दही बघत आले. त्याच कामावर तुम्ही हजेरी मांडायचात, तेव्हा 'मस्टर' आणि 'गँग' घरी आणलेत. ते घरात रुळले. तुमच्या आई, आपल्या अव्वा, अजून नातवंडांना 'गँग' म्हणतात. मग लातूर जिल्हा झाला, तिकडच्या कचेरीत तुमची बदली झाली, आणि शनिवारच्या एसटीनं 'अर्जंट', 'मीटिंग' यायला लागले. त्यांचं मला काही वाटलं नाही. कचेरीचे शब्द कचेरीतूनच येणार.

पण 'बोअर' कुठल्या फायलीत असतं? संक्रांतीला तुम्ही ओसरीवर बसून 'बोअर झालं' म्हणालात. मग 'टू मच' आलं. मग मागच्या शनिवारी दोडक्याच्या भाजीला 'हॉरिबल' म्हणालात, तेही मान जराशी वाकडी करून, 'हॉ' लांबवून. अव्वांनी ताटावरच विचारलं, 'काय रं शिवमूर्ती, लातूरला काय खायलास? जीभ फिरली की तुझी.' तुम्ही हसलात. मी भाकरी उलटत होते, मला हसू आलं नाही. शब्द कुणाकडूनही उचलता येतो. मान तशी करायला त्या माणसाकडे बरंच बघत बसावं लागतं.

मंगळवारी मी अव्वांचे डोळे दाखवायला लातूरला आले, तेव्हा तुम्ही दौऱ्यावर होतात. कचेरीत पुण्याहून बदलून आलेल्या सिंधुबाईंनी आम्हाला पंख्याखाली बसवलं. 'ऊन काय हॉरिबल आहे हो तुमच्याकडे,' म्हणाल्या, आणि मान वाकडी झाली. इतकं मी धरूनच चालले होते. एका कचेरीत बसणाऱ्यांना एकमेकांचे शब्द लागतात, एवढं मलाही कळतं. आणि बाई वाईट नाहीत. अव्वांना त्यांनी हाताला धरून जिना चढवला होता. पण पाण्याचा पेला माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, 'दोन घोट घ्या वहिनी, लई बेजार झाला असाल.'

पुण्याच्या बाईच्या तोंडी 'लई बेजार'. 'लई'नंतर तुम्ही थांबता तसंच थांबून. दुष्काळात कामावरून आलात की तुम्ही माझ्याजवळ बसून हेच म्हणायचात, आणि मी माझ्या वाटणीचं पाणी तुमच्या तांब्यात ओतायची. त्यांचे शब्द तुम्ही घरी आणलेत, तेही मी 'मस्टर'सारखे सोसले असते. आपला शब्द तिकडे कधी दिलात? त्यांच्याजवळ बसून तुम्ही कशानं बेजार झाला होतात?

कदाचित माझ्या मनाचे खेळ असतील, असं जिना उतरताना स्वतःला सांगत होते. तेवढ्यात केरबा शिपाई आडवा आला. 'वहिनी, तुमच्या रावसाहेबांना दिवाळीतच दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं की. सामान कधी आणायलात?' तुम्ही तर दर शनिवारी सांगता, अजून एका खोलीत तिघं जण राहतो म्हणून. मी केरबाला 'आणू लवकरच' म्हणाले. अव्वांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. परतीच्या एसटीत निलंगा येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. म्हणून हे लिहिते आहे. या शनिवारी आलात की सोमवारी जाताना मला, पोरांना न् अव्वांना बरोबर न्या. तुम्ही नाही म्हणाल. पोरांची जूनमधली शाळा, गोठ्यातली गाय, अव्वांचे डोळे, काहीतरी काढाल, आणि ते खरंही असेल. तरी मागते. मला तुमच्या घरी राहायला न्या.

तुमचीच,
जगदेवी