अकरा दिवसांचं कुलूप

भिवंडी,
ता. १४ ऑक्टोबर १९७६

प्रिय तुळशीराम,

सव्वादोन वर्षांनी माझं अक्षर बघतो आहेस, तेव्हा पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं असशील. मीच आहे. तुला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. आमच्या हिने, चंद्राने, मुद्दाम लिहायला सांगितलंय की परवा पडघ्याच्या बाजारात तुझ्या सायकलच्या दुकानावरून ती गेली, तेव्हा तू पंक्चर बघायच्या निमित्ताने मान खाली घातलीस, ते तिला आवडलं नाही. हे तिचं म्हणणं. मला विचारशील तर तू बरोबर केलंस.

कारखाना चांगला चाललाय. चारांचे आठ लूम झाले. निम्मे कारीगर आपल्या दिघाशीचे, निम्मे आझमगढचे. ते जेठात लग्नांना मुलखाला जातात, आपले आषाढात भाताची रोपं लावायला, आवणीला. त्यामुळे शेड कधी बंद राहत नाही. हे डोकं कोणाचं, ते तुला सांगायला नको. इस्माईल जॉबर अजून आहे. लूम बिघडला की अजून आधी पान लावतो आणि मग म्हणतो, "तुलसीभाई होते तो ये नौबत नहीं आती." पूर्वी मला राग यायचा. आता मीच त्याला चुना देतो.

पत्राला निमित्त झाला लडकू, माझा भाचा. त्याला पूर्ण्याला शेड घेऊन स्वतःचे चार लूम टाकायचेत. रविवारी वही-पेन्सिल घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तू जिथं जिथं आपटलास ती ठिकाणं सांग. मी तिथनं वळसा घालून जाईन." मला बरं वाटलं. आपटण्याच्या बाबतीत तरी घरात कोणी मला जाणकार मानतं.

मग मी सुरू झालो. पहिले दोन लूम आपण भागीदारीत ताज्या हिरव्या रंगावर भाळून घेतले, ते सांगितलं. तू म्हणत होतास, एक दिवस चालवून बघू, मग घेऊ. मी म्हटलं, कुंडली कसली बघतोस, लग्न लावून टाकू. महिनाभर लूमचा धोटा उडून भिंतीवर आदळत होता. मग ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड. आईला आवडलं म्हणून चारही लूमवर मी एकदम तेच घातलं. बाजारात ते कोणाला हवंय का, एवढंच विचारायचं राहिलं. एका लूमवर थोडं काढून आधी आपल्याला सूत देणाऱ्या शेठना दाखवू, हे तू किती वेळा सांगितलंस. त्या कापडाच्या उशा आमच्याकडे अजून आहेत. लडकू त्यातल्याच एका उशीला टेकून हे सगळं लिहून घेत होता.

होता होता असं झालं की प्रत्येक चुकीच्या शेवटी तुझं नाव यायला लागलं. लडकूची पेन्सिल थांबली. "मामा, तुळशीमामाला आधीच समदं ठावं व्हतं, मंग तो गेला कशापायी?"

मी म्हटलं, चहा घे.

चहा झाला तरी तो माझ्याकडे बघतच होता. मग गेली दोन वर्षं सगळ्यांना जे सांगतो, तेच त्यालाही सांगितलं. आषाढात माणसं आवणीला पळाली, शेड बंद पडली, शेठचा माल अडकला, कारण तुळशीरामने सगळ्यांना एकदम रजा दिली. त्याने ते लिहून घेतलं. पोराचं अक्षर सुरेख आहे. त्या सुरेख अक्षरात त्या वाक्यात तुझं नाव बघितलं आणि मी त्याला पेन्सिल खाली ठेवायला सांगितली.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी एकदा माझ्या हाताने लिहायला पाहिजे.

त्या वर्षी आपल्याकडचा एकूण एक माणूस दिघाशीचा होता, तोही माझ्या भावकीतला. दोन-चार बाहेरचे कारीगर ठेव, आषाढात अडचण होईल, असं तू बजावलं होतंस. घरचा घास परक्याच्या तोंडात कशाला, असं मी म्हणालो होतो. तू सुटे भाग आणायला सुरतेला गेलास आणि इकडे रोपं आवणीला आली. आपल्या लूमवरचा महादू म्हणाला, "दादा, आता ऱ्हावत न्हाय, जातो मी." त्याच दिवशी आईचा निरोप: "लूमचा मालक झालाय, आता चिखल लागंल त्याला, असं गाव बोलतंय."

माणसं पळाली नाहीत, तुळशीराम. लूम मी थांबवले, कुलूप मी घातलं आणि सगळ्यांच्या पुढे मी चालत गेलो. चार दिवस म्हणता म्हणता अकरा झाले. खरं सांगायचं तर मी फार सुखात होतो. गुडघाभर चिखलात सगळे एका ओळीत, कोणी मालक नाही, कोणी कामगार नाही. शेठला माल द्यायचा दिवस मध्येच येऊन गेला, तो मला आठवलासुद्धा नाही.

सुरतेहून परत आल्यावर तू मला शेतातून उठवून थेट शेठच्या पेढीवर नेलंस. शेठने विचारलं, कारखाना कोणी बंद केला? तू म्हणालास, "मी. रजा मी दिली." मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. बाहेर आल्यावर तू थोडा वेळ थांबलास. मी काही बोलेन याची वाट बघत होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पावसाबद्दल काहीतरी बोललो. आठ दिवसांनी तू पडघ्याला निघून गेलास. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण सांगायला मन धजलं नाही.

सोमवारी मी लडकूला घेऊन शेठकडे गेलो आणि त्याच्यासमोर सगळं खरं सांगितलं. शेठने चष्मा काढला. म्हणाले, "केसरीनाथ, हे मला त्याच दिवशी समजलं होतं. तुझे पाय बघितले होते ना मी. आणि संध्याकाळी तुळशीराम एकटा परत आला होता. म्हणाला, शेठ, याचं काम तोडू नका. माणूस चांगला आहे, शिकेल. त्याला जरा वेळ लागतो."

दोन वर्षं मी समजत होतो की माझं काम चोख म्हणून शेठ सूत पाठवतात.

परत येताना लडकूने वंजारपट्टी नाक्यावर उभं राहून वही काढली, रबराने तुझं नाव खोडलं आणि विचारलं, "मामा, तुझं लिहू?" मी म्हटलं, लिही. त्याने लिहिलं. मला वाईट वाटलं नाही, उलट त्या रात्री खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

दिवाळीच्या पाडव्याला लडकूच्या शेडचा नारळ आहे. तो तू फोडावास असं त्याचं म्हणणं आहे, माझ्या हाताला त्याने चक्क नकार दिलाय. माझ्याकडे पुन्हा भागीदारीत यायचं का, हे मी पत्रातून विचारणार नाही. त्यासाठी रविवारी मी स्वतः पडघ्याला येतोय. दुकान बंद करून बसू नकोस, मी बाहेर उभा राहीन.

रविवारीच आमची भातकापणी सुरू होते. आईला सांगितलं की यंदा पहिल्या दिवशी मी शेतावर नसेन. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "जा बाबा. भात उभा हाय, तो कुठं पळत न्हाय. तुळशीला जेवायला घेऊन ये."

जरा वेळ लागलेला, तुझाच,
केसरीनाथ