तब्येत ठणठणीत, फाईल जाडजूड

३ मार्च
परदेशातल्या कंपनीचा ईमेल आला. नोकरी पक्की! सीनियर लिफ्ट मेकॅनिक. अट एकच: वीस तारखेपर्यंत स्वतःचा आरोग्य विमा काढून कागद पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. किरकोळ काम. दुपारीच इथल्या साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. चार शब्द सुनावलेही. जरा जास्त झालं, पण मनाला गार वाटलं.

४ मार्च, सकाळ
शेजारच्या एजंटबाई आल्या. म्हणाल्या, एक साधी पॉलिसी आहे, आज सही करा, उद्या हातात. मी नुसता हसलो. साध्या पॉलिसीत साधी माणसं फसतात. आपण अभ्यास करून घेणार. ही म्हणाली, घेऊन टाका की. हिला प्रत्येक गोष्टीची घाई.

६ मार्च
ढीगभर माहितीपत्रकं वाचली. काय मिळणार नाही ते सगळं बारीक अक्षरात. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या धंद्यात देखभालीचा करार कसा होतो? आधी लिफ्ट उघडायची, असतील नसतील ते बिघाड लिहून काढायचे, मग सही. म्हणजे पुढे कोणी हात वर करत नाही. इथेही तसंच करायचं.

८ मार्च
तपासण्या सुरू. रक्त, छाती, गुडघे. डॉक्टरांना म्हटलं, काही सापडलं तर संकोच करू नका. ते म्हणाले, ठणठणीत आहात, घरी जा. असल्या डॉक्टरवर आपला विश्वास नाही.

११ मार्च
दुसरे डॉक्टर हुशार निघाले. मान झिजलीय. साखर काठावर. छातीत धडधडतं का विचारलं. विचारल्यावर लगेच धडधडलं. लिहून घेतलं. उत्तम.

१३ मार्च
डोळे, दात, पोट झालं. मधूनच मनात येतं, तिकडे खोलीत एकटाच तापाने पडलो तर पाणी कोण देणार? छे. तयारी पक्की असल्यावर भ्यायचं कशाला? उद्या टाचा दाखवून घेतो.

१५ मार्च
रिपोर्टांची फाईल सगळ्या विमा कंपन्यांना पाठवली. वर सुवाच्य अक्षरात यादी, मानेपासून टाचेपर्यंत. इतकं प्रामाणिक गिऱ्हाईक त्यांनी जन्मात पाहिलं नसेल. आता भांडतील माझ्यासाठी.

१७ मार्च
नकार. नकार. परत नकार. एजंटबाईंकडे धावलो. फाईल चाळून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, विमा म्हणजे लिफ्टचा करार नव्हे, आधीपासूनचं दुखणं त्यात बहुतेक धरतच नाहीत. मग त्या साध्या पॉलिसीचं विचारलं. म्हणाल्या, आता तिथेही हे सगळं सांगावंच लागणार, आणि सांगितलं की ती कंपनीही नाही म्हणणार. पोटात गोळा आला. हा गोळा कुणाला दाखवणार नाही. कानाला खडा.

१८ मार्च
आणखी नकार. जुन्या साहेबांना फोन केला, आपला सहजच. माझ्या जागी माणूस घेतला म्हणाले. इकडची गेली, तिकडचीही जाणार. घर कसं चालवू? बाथरूमचा नळ सोडून रडलो, हिला कळू नये म्हणून. बाहेरून हिने विचारलं, टाकी रिकामी करायचीय का.

१९ मार्च
एक कंपनी तयार झाली! मला खात्री होतीच. अभ्यासाचं चीज झालं. कागद उद्या.

२० मार्च
कागद आला. मान वगळून. साखर वगळून. छाती, डोळे, दात, पोट, गुडघे, टाचा वगळून. धरलंय ते एकच, शेवटच्या पानावर: मी तिकडे वारलो तर मला घरी पोचवण्याचा खर्च. विमानाने. संपूर्ण. परदेशातल्या कंपनीला फोन करून विचारलं. त्यांना कुठलाही विमा चालतो, कागद मात्र आजच हवा.

हिने शेवटचं पान दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे जिवंत परत यायचं तिकीट आपलं आपण काढायचं."

मी पेन मागितलं. तिने पुढे केलं, पण पटकन सोडलं नाही.

सही केली.