मागचा सिलिंडर

मुरबाड,
१० डिसेंबर २००८

प्रिय संघरत्ना,

जयभीम. तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी दोन ओळींचं उत्तरही धाडलं नाही. तू रागावली असशील, तर रागाव. गेल्या रविवारी केरूकाका नेहमीसारखे गॅरेजवर आले. चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "महेंद्रा, आमची पोर तुला पसंत हाय का नाय, येवढंच सांग. तिची ना नाय. घरात परत कोनी हसेल तरी." तुझा बाप माझ्यासारख्या ग्रीसने माखलेल्या माणसापुढे हात जोडून उभा होता, आणि मी 'पुढच्या रविवारी सांगतो' म्हणत पाना शोधायचं नाटक केलं. कॉलेजात असल्यापासून ज्या गोष्टीसाठी जीव टाकत होतो ती दारात चालून आली, आणि माझ्या तोंडून हो निघेना. का, ते सांगायला बसलोय. सवडीने वाच, आणि ड्यूटीवर असशील तर घरी गेल्यावर वाच.

प्रशांतने ती लाल मोटरसायकल घेतली त्या दिवसापासून सुरुवात करतो. भिवंडीच्या गोदामात तो मला पारखी म्हणून घेऊन गेला होता. जपानी गाडी, जहाजावरच्या कुणा साहेबाने आणलेली, मग तीन हात फिरलेली. व्ही आकाराचं इंजिन, म्हणजे एक सिलिंडर पुढे झुकलेला आणि दुसरा मागे, टाकीच्या पोटात शिरलेला. मी आयुष्यभर एका सिलिंडरच्या गाड्या खोललेल्या, पण ते कबूल कोण करणार? सेल मारला, डगडग आवाज घुमला, मी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, घे. टोकावड्याला तुमच्या घरी आणली तेव्हा तुझ्या आईने, जानकीकाकींनी, ती विहारासमोर उभी करायला लावली आणि आत मेणबत्ती लावून आल्या. तू मागच्या सीटवर चढून बसलीस आणि उतरायलाच तयार नव्हतीस. तुझा भाऊ एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता.

पुढचं दीड वर्ष आम्ही काय काय ऐकून घेतलं ते तुला ठाऊक आहे. गाडी दिसायला वाघीण आणि पळायला म्हैस. सरळगावचा दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून तिला मागे टाकायचा आणि वर हात दाखवायचा. त्याच्या कारखान्यातली पोरं प्रशांतला 'आवाज' म्हणायला लागली. पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, सायलेन्सरमधून फटाके उडायचे, आणि आम्ही समजायचो की अशा गाड्यांची जातच ही. तो विचारायचा, "हिच्यात जोर का नाय रे?" आणि मी तज्ज्ञासारखं सांगायचो की हिला आपलं पेट्रोल मानवत नाही. बिचाऱ्याने विश्वास ठेवला. मग त्याने स्वतःची रीत काढली. टाकीवर पालथं पडायचं आणि रेसची मूठ मुळापर्यंत पिळायची. हळूहळू पिळणं त्याला माहीतच राहिलं नव्हतं. हे मला माहीत होतं, संघरत्ना. रोज डोळ्यांनी बघत होतो.

म्हशाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी टाकी गळते म्हणून त्याने गाडी माझ्याकडे लावली. दीड वर्षात पहिल्यांदाच मी ती टाकी उतरवली. खाली मागच्या सिलिंडरचा प्लग होता आणि त्याची वायर मोकळी, टोकाला काळी टेप गुंडाळून बाजूला खोचलेली. कुणा मालकाने कधी काढली, का काढली, देव जाणे. आम्ही दीड वर्ष अर्ध्या इंजिनावर हिंडत होतो. मी प्लग बदलला, वायर बसवली, टाकी चढवली आणि एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर फेरी मारायला नेली. जरा मूठ फिरवली तर पुढचं चाक उचलायला लागलं. तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. मी स्वतःला म्हटलं, उद्या त्याचं तोंड बघू, गंमत होईल. पण गंमत हे निमित्त होतं. मला लाज वाटली. पंचक्रोशीतला नावाजलेला मिस्त्री, आणि दीड वर्ष त्याला कळलं नाही की अर्धं इंजिन मेलेलं आहे. दूधवाल्यापासून सगळे हसले असते. म्हणून गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी तू शहापूरहून सुट्टीला आलीस आणि सरळगावच्या नाक्यावरून गॅरेजात फोन केलास. प्रशांत गाडी न्यायला आला होता, फोन मीच उचलून त्याच्याकडे दिला. तू म्हणालीस, लवकर ये, जत्रा उठायच्या आत पोचू. तो हसत बाहेर पडला, आणि मी दारात उभा राहून वाट बघत होतो की आता हा थांबेल, वळेल आणि मला शिव्या घालेल. तो मुरबाडच्या नाक्यापर्यंत सावकाश गेला आणि मोकळा रस्ता लागल्यावर सवयीने टाकीवर पालथा पडला. आवाज एकदम चढला. तसा आवाज त्या गाडीचा मुरबाडने कधी ऐकला नव्हता. पुढे वळणावर मोरीचा कठडा आहे. मी पोचलो तेव्हा लोक जमले होते.

गाडी पोलिसांनी माझ्याच गॅरेजात आणून टाकली. तपासणीला आरटीओचे साहेब यायच्या आधी मी टाकी उतरवून ती वायर पुन्हा काढली, टेप गुंडाळली आणि टाकी चढवली, माझा हात लागल्याचं कळू नये म्हणून. साहेबांनी लिहिलं, वाहनात दोष नाही, चालकाचा निष्काळजीपणा. गावाने त्यात दारू घातली. थेंब न पिणाऱ्या माणसाला लोक दारुडा म्हणाले आणि मी मान खाली घालून ऐकलं. काकांनी गाडी मलाच दिली, "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, त्याच्या हाताची हाय" म्हणाले. तेव्हापासून ते दर रविवारी येतात आणि तिची टाकी पुसतात. तिच्याच शेजारी बसून मी त्यांच्याबरोबर चहा पितो. माणूस इतका नीच होऊ शकतो हे मला माझ्यावरूनच कळलं.

तुझ्या पत्रात एक ओळ होती, "आई अजून माझ्याशी सरळ बोलत नाही, तिच्या मनात आहे की मी घाई केली म्हणून तो गेला, आणि ते खरंच आहे." दोन वर्षं तू माझं पाप डोक्यावर घेऊन नाशिकच्या दवाखान्यात दुसऱ्यांचे आजारी उठवते आहेस आणि मी तोंड शिवून बसलोय. तू त्याला लवकर ये म्हणालीस, तसं तर तू त्याला रोजच म्हणायचीस. अर्ध्या इंजिनाच्या गाडीवर तो दहा मिनिटं उशिरा आला असता आणि तुझी बोलणी खाल्ली असती. त्याला मी मारलं, माझ्या लाजेने मारलं. हे पत्र काकींना वाचून दाखव, त्यांना वाचता येत नाही म्हणून टाळू नकोस, एकही शब्द गाळू नकोस. रविवारी काकांना मी तोंडाने सांगणार आहे, मग पोलीस ठाण्यात जाणार आहे. ते उत्तर मागायला येतील आणि त्यांना हे मिळेल. तुझ्याकडून मला माफी नको, उत्तरही नको. फक्त आईच्या शेजारी जाऊन बस.

तुझाच म्हणवून घ्यायची लायकी गमावलेला,
महेंद्र